अक्का, आधी कारखाना की आधी मत?

अक्का, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि एवढ्यात लोकांनी तुम्हाला मनमिळाऊ करून टाकलंय. चौकात तुमच्या फोटोचा मोठा फलक लागला. खाली लिहिलंय, 'शांत, सोज्वळ, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.' बाजारातनं येताना मी पिशव्या खाली ठेवल्या आणि नीट वाचलं. शांत? तुम्ही? भरल्या मेळाव्यात साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी काढून घेतलेला माईक परत मागून घेणारी बाई शांत? माझ्याशी उभी हयात भांडत आलेली बाई मनमिळाऊ?

अशानं तुम्ही वर्षभरात देवी व्हाल. मला ते चालणार नाही. म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी जेवढी मी भांडले तेवढं कुणीच भांडलं नाही. दादांचं, तुमच्या यजमानांचं, निम्मं आयुष्य फौजेत सरहद्दीवर गेलं, त्यांच्या वाट्याला तुम्ही सुट्टीपुरत्या आलात. माझ्या वाट्याला मात्र रोज.

तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. तुम्ही वाईच्या, शहरातल्या घरातल्या, पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन कृष्णाकाठच्या या ऊसवाल्या घरात आलात. मी शेतकऱ्याचीच, कराडला बी.कॉम. करून आलेली. तुम्ही सकाळी एसटीनं कराडला कॉलेजात इतिहास शिकवायला जायचा. मी आणि आमचे हे रान बघायचो. संध्याकाळी तुम्ही परत आलात की आपण दोघी भाजी निवडत बसायचो आणि तुम्ही मला मॉरिशस सांगायचा. कुणाच्या जावा माहेरचं सांगतात, कुणाच्या मालिकेतलं. माझ्या जावेनं मला एक बेट सांगितलं.

सुरुवातीला मी वैतागायचे. एकदा म्हणाले, "आवं अक्का, दारात ऊस, रानात ऊस, आता तुमच्या पुस्तकात बी ऊसच. जीव उबगत न्हाई व्हय?"

तुम्ही म्हणालात, "उबगतो ना. पण तिथला ऊस आपल्या माणसांनी लावलाय, सुनंदा. मुंबई बंदरातून जहाजात बसून गेली ती माणसं. त्यात आपल्या घाटावरचीही होती. मग कुणीतरी विचारायला नको का, काय झालं त्यांचं?"

त्या बेटावर आधी माणूसच नव्हता, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. मग गोरे आले, एकामागून एक राज्यं आली. गुलाम आणले, जंगल तोडलं, ऊस लावला. गुलामगिरी बंद झाली तेव्हा कराराची माणसं आणली, आपली. रानात दगडच दगड, ते वेचून त्यांनी ढीग रचले. ते ढीग अजून उसाच्या मधोमध उभे आहेत, म्हणायचा तुम्ही. मळ्याबाहेर फिरायचं तर परवाना लागायचा. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांची मजुरी कापायचे, तेही कायद्यानं. बेटावर रेल्वे झाली, बंदर वाढलं, साखरेच्या गिरण्या झाल्या, कायदे करायला सभाही झाली. पण सभेत कोण बसणार हे ठरवायचं मत ज्याच्याकडं मालमत्ता त्यालाच. म्हणजे मूठभरांना.

इथंच आपलं वाजलं. मी म्हणायचे, रेल्वे आली, गिरणी आली, हीच तर सुधारणा. आपल्याकडंच बघा. कारखाना व्हायच्या आधी या गावाला पक्का रस्ता नव्हता. सासूबाई सांगायच्या, पहिलं बाळंतपण बैलगाडीत झालं. कारखाना आला, पाठोपाठ दवाखाना आला, हायस्कूल आलं, माझी पोरं इंजिनिअर झाली. आधी कारखाना, मग बाकीचं.

तुम्ही भाजी खाली ठेवायचा. "बेटावरचे मळेवालेही हेच म्हणायचे. आम्ही गिरणी दिली, अजून काय पाहिजे? आणि गिरणी होती म्हणून त्या माणसांचं काही बदललं का? पिढ्या गेल्या. बदललं ते मत मिळाल्यावर."

मग ती गोष्ट यायची, जी मला तुमच्या सगळ्या गोष्टींत आवडायची. मजुरांतल्या काहींनी पोटाला चिमटा घेऊन दगडाळ तुकडे विकत घेतले, स्वतःचा ऊस लावला. गिरणीनं त्यांच्या उसाचा भाव पाडला. म्हणे, तुमच्या उसाची जात हलकी, साखर कमी उतरते. माणसं मोर्चा घेऊन गेली, तर मळ्याच्या लोकांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. पुढं काही वर्षांनी कायदा झाला, ज्याला आपल्या भाषेत साधं लिहिता-वाचता येतं त्याला मत. मग गावोगावच्या बैठकीत माणसं अक्षरं गिरवायला बसली. बायकासुद्धा. उसानं कापलेल्या बोटांत पेन धरून.

"मत पाहिजे म्हणून म्हातारी बाई अक्षर गिरवते, हा माझ्या मते त्या बेटाचा विकास," असं तुम्ही म्हणायचा. दरवेळी तुमच्या हातातली जुडी तशीच राहायची, आणि मी मुद्दाम म्हणायचे, "झालं? आता ती मेथी निवडा."

दादा रिटायर होऊन आले आणि आपल्या भांडणात तिसरा गडी आला. स्वातंत्र्यानंतर त्या देशानं फौजच ठेवली नाही, शाळा मोफत केल्या, हे तुम्ही त्यांना सांगितलं तेव्हा सुभेदारसाहेबांचा घास हातात राहिला.

"फौज न्हाई? मंग राखण कोण करतं?"

"पोलीस आहेत. आणि हुशार पोरं आहेत."

"ह्यो देश टिकायचा न्हाई," दादा म्हणाले.

"मोठमोठ्या विद्वानांनीही हेच सांगितलं होतं," तुम्ही हसलात. "टिकला की." मग हसू गेलं तुमचं. म्हणालात, राज्य सोडून जाताना गोऱ्या साहेबानं लांबची काही बेटं कापून स्वतःकडं ठेवली, तिथल्या माणसांना उठवलं आणि लष्करी तळ बांधायला दुसऱ्या देशाला दिली. त्यावर दादांनी घास परत ताटात ठेवला. त्यांचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलंय.

मग कारखान्याचे संचालक अभ्यासदौऱ्याला मॉरिशसला गेले. तुम्ही त्या बेटावर प्रबंध लिहिलात, मुंबईला जाऊन जुनी दप्तरं धुंडाळलीत आणि बेट शेवटपर्यंत पाहिलं नाहीत. ही माणसं आठवड्यात बघून आली. समुद्रात उभं राहून काढलेले फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आले. चेअरमनसाहेबांना कुणीतरी सांगितलं की आपल्या भागातल्या एका बाईंनी याच विषयावर डॉक्टरकी केली आहे. लगेच शेतकरी मेळाव्यात तुमचं भाषण ठरलं. विषय त्यांनीच दिला, 'मॉरिशसच्या प्रगतीपासून काय शिकावे?'

मी म्हणाले, "अक्का, गोड बोला. आपला ऊस उभा हाय."

तुम्ही म्हणालात, "साखरेबद्दलच बोलणार आहे. गोडच होईल."

मंडप भरला होता. आम्ही बायका एका बाजूला. चेअरमनसाहेबांनी आधी सांगितलं की ओसाड बेटाचं नंदनवन कसं झालं, मोठे मळे, शिस्त, यंत्रं. मग तुम्ही उठलात. सुरुवात झकास केलीत. जहाजं, दगडांचे ढीग. माणसं कान देऊन ऐकत होती. गिरणीनं छोट्या शेतकऱ्यांचा भाव कसा पाडला हे आलं आणि मंडप ताठ बसला. तुम्ही म्हणालात, "तिथल्या शेतकऱ्यानं विचारलं, माझा ऊस हलका कुणी ठरवला? आपणही विचारावं. माझा ऊस मला पाहिजे त्या काट्यावर वजन करून आणू द्या, एवढं मागावं." अशा टाळ्या पडल्या की मंडपाचं कापड हललं. चेअरमनसाहेब हसत होते, पण पाय हलवत होते.

तिथं थांबला असतात तर तुम्ही त्या दिवशी तालुक्याच्या पुढारी झाला असतात. तुम्हाला थांबायचं कुठं हे कधी कळलंच नाही.

तुम्ही टाळ्या संपू दिल्या आणि म्हणालात, "आता आपलं बघू. आपल्या रानाच्या कडेला कोप्या घालून बीडकडची माणसं राहतात. ऊस ती तोडतात. आजारी पडली तर मुकादम खाडा धरतो, दिवस बुडतो आणि वर दंड बसतो. प्यायला कॅनॉलचं पाणी. या कारखान्यात त्यांना मत नाही, गावात नाही, इकडं असताना त्यांच्या गावातलंही बुडतं. बेटावरच्या मळेवाल्यांना आपण नावं ठेवली. आता मला सांगा, आपण कोण?"

एक टाळी पडली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, मुद्द्याचं बोला!" चेअरमनसाहेब उठले, "वेळेअभावी" म्हणत त्यांनी माईक घेतला. आणि तुम्ही हात पुढं करून, वर्गात पोराकडनं खडू मागावा तसं म्हणालात, "माझं एक वाक्य राहिलंय. द्या इकडं." त्यांनी दिला हो! माणसाला सवय नसली की देतो. तुम्ही म्हणालात, "प्रगतीपासून काय शिकावं विचारलंत. हेच शिकावं." आणि खाली उतरलात.

जीपनं घरी आलो. आमचे हे फक्त एवढंच म्हणाले, "गेला आता ऊस."

आणि गेलाच. आपली तोडणीची पाळी आली, कारखान्यानं ती पुढं ढकलली. शेजारचा तुटला, त्याच्या पलीकडचा तुटला. कारखान्याच्या शेतकी ऑफिसातला माणूस म्हणायचा, "टोळी मोकळी न्हाई." उसाला तुरे आले. लांबून पांढरं, देखणं दिसतं ते, पण शेतकऱ्याला बघवत नाही. ऊस आतनं पोकळ होत असतो. त्या दिवसांत मी तुमच्याशी जे भांडले ते भाजी निवडतानाचं भांडण नव्हतं. मी म्हणाले, "तुमची पेन्शन हाय अक्का, आमचं पोट हाय ह्या रानावर. तुमी बेटावर ऱ्हाता, आमी हितं." ते बोलले याचं मला वाईट वाटत नाही. खरंच होतं ते. ह्यांनी सुचवलं, साहेबांकडं जाऊन दोन शब्द बोला, चूक झाली म्हणा. तुम्ही म्हणालात, "झाली असती तर म्हटली असती."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही दादांची जुनी फौजी पँट घालून, डोक्याला टॉवेल बांधून रानात उभ्या. हातात कोयता. साठीतली बाई, पायाला संधिवात. ह्यांनी कपाळावर हात मारला. दादा तुमच्या शेजारच्या सरीत शिरले. मग मी. मग हे. भावकीतली दोन घरं उघड आली, बाकीच्यांनी ट्रॅक्टर दिले आणि "नाव सांगू नका" म्हणाले. नदीपलीकडं सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यानं ऊस घेतला. वाहतूक आमच्या अंगावर, वजन घटलेलं. तुमच्या तळव्यांना फोड आले, फुटले. संध्याकाळी मी हळद लावत होते तर तुम्ही हात बघत म्हणालात, "सुनंदा, माझा प्रबंध मला आत्ता कळतोय. एक प्रकरण परत लिहायला पाहिजे." मला इतकं हसू आलं की मग रडूच आलं. शेवटची ट्रॉली पूल ओलांडून गेली तेव्हा आपण दोघी बांधावर पाचटात आडव्या पडलो होतो. आपण जिंकलो नव्हतो. पण ऊस कुणाच्या मेहेरबानीनं गेला नव्हता. ती झोप मला अजून आठवते.

त्यानंतर तुम्ही निवडणुकीला उभ्या राहिलात. संचालक मंडळात बायकांची जागा असते, तिथं. दादांनी रिटायर झाल्यावर एकरभर रान तुमच्या नावावर केलं होतं, म्हणून तुम्ही सभासद. दारोदार गेलो आपण. बायका हात धरून सांगायच्या, "बाई, तुमी बोलला ते लय खरं." आणि चहा करायला आत जायच्या. बाहेर त्यांचे नवरे पेपर वाचत असायचे. मत त्यांच्याकडं.

एकदा परत येताना तुम्ही मला विचारलंत, "तू तरी मला मत देणार ना, की आधी कारखाना?"

मी म्हणाले, "मला मतच न्हाई. रान ह्यांच्या नावावर हाय."

तुम्ही रस्त्यात थांबलात. मग म्हणालात, "इतकी वर्षं मी तुला बेट सांगत बसले, आणि तू तिथंच होतीस?"

तुम्ही सपशेल पडलात. निकाल ऐकून घरी आलात, भाकरी-ठेचा मागितलात. दादा ताट वाढून घेत म्हणाले, "माघार घेतली की आधी जेवायचं, मग रिपोर्ट द्यायचा. फौजेत हेच शिकवतात." पुढच्या हंगामात कोप्यांजवळ पाण्याची टाकी बसली, छोट्या पोरांसाठी पत्र्याची बालवाडी उभी राहिली. उद्घाटनाची पाटी दुसऱ्याच कुणाच्या नावाची. मी तणतणले. तुम्ही नळ सोडून बघितलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "पाणी गोड आहे गं." एवढंच.

वजनकाट्याचं मात्र अजून तसंच आहे. खाडाही तसाच आहे. हे फलकावर नाही.

मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही शेवटी शेवटी कमी बोलायचा. नळ्या होत्या, धाप लागायची. मी उशाशी बसलेले. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "रेल्वे होती, गिरणी होती, सगळं होतं. मत नव्हतं तोवर..."

मी म्हणाले, "गप पडा अक्का. दम लागतोय."

"हरलीस की विषय बदलतेस."

"हारले न्हाई. घरी चला, मंग सांगते."

तुम्ही घरी आला नाहीत.

आणि आता ऐका. परवा रानात पाचट गोळा करताना मला उत्तर सुचलं. इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं ते. ती माणसं वेगवेगळ्या गावची, वेगळ्या भाषांची, वेगळ्या देवांची. त्यांना एका जागी आणलं कुणी? गिरणीनं. एका भोंग्यावर उठवलं, एका रांगेत उभं केलं, एकाच खाड्यानं कापलं. म्हणून तर ती एकत्र होऊन मत मागायला गेली. विखुरलेली असती तर कुणी मागितलं असतं? म्हणजे आधी कारखानाच. बघा, आहे का उत्तर? मी ताडकन उठले, सांगायला म्हणून चार पावलं घराकडं आलेसुद्धा. मग आठवलं. तिथंच बांधावर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, आधी दुःखानं आणि मग रागानं. असं ऐन मुद्दा सुचल्यावर निघून जायचं असतं का? कुणाला सांगू मी हे? ह्यांना? त्यांना बेट हिंदी महासागरात आहे की अरबी समुद्रात, ते माहीत नाही.

तुमचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "माझ्या नावावर एक एकर करा."

"आता ह्ये काय नवीन?"

"नवीन न्हाई. लय उशीर झालाय."

"भावकी काय म्हनंल?"

"भावकीला सांगा, खुरपं घिऊन भांगलनीला येत्या साली बायकूऐवजी तुमी जाताय. मंग म्हनंल काय म्हनायचं ते."

हे दादांकडं बघायला लागले. दादा तुमच्या फोटोला हार नीट करत होते, त्यांनी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "माझ्याकडं काय बगतुयास? ऑर्डर तुला मिळालीय." दुसऱ्या दिवशी आम्ही तलाठ्याकडं गेलो.

काल सभासद व्हायचा अर्ज घेऊन मी एकटी कारखान्यावर गेले. टेबलामागच्या माणसानं अर्ज उघडलासुद्धा नाही.

"वैनी, नवीन सभासद घेनं बंद हाय."

"कवापस्नं?"

"संचालक मंडळाचा ठराव हाय."

"मंडळ कोन निवडतं?"

"सभासद."

"आनि सभासद कोन करतं?"

त्यानं हातातलं पेन फिरवलं. "मंडळ," म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मग विचारलं, "कुनाच्या घरच्या तुमी?"

मी नवऱ्याचं नाव सांगितलं नाही. तुमचं सांगितलं. "त्यांची धाकटी जाऊ." त्यानं पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढं सरकवली. "बसा. लय शांत बाई हुत्या. चहा सांगतो."

"शांत नव्हत्या," मी म्हणाले. "चहा नको. अर्जाची पोच द्या."

पोच दिली नाही. साहेब आल्यावर बघू म्हणाला. मी ऑफिस बंद होईपर्यंत बसले. त्यांनी दाराला लावायला कुलूप काढलं तेव्हा उठले आणि सांगून आले की उद्या येते. उद्या आपल्या आळीतल्या आणखी तिघी येणार आहेत. एकीच्या नावावर रान आहे, दोघींचं करायचंय. एकीची सासू म्हणाली, "मला बी न्या, मला सही येती."

घेतील कधी तरी आत. नाहीतर आम्ही तिथंच बसू, पायऱ्या काही कुणाच्या नावावर नाहीत. आणि अक्का, एक आत्ताच सांगून ठेवते, मागाहून म्हणू नका. सभासद झाले की पहिल्याच सर्वसाधारण सभेत मी माईक मागणार आहे, आणि उभी राहून आधी हेच सांगणार आहे की अक्का चुकत होत्या, आधी कारखाना. मग वजनकाट्याचं विचारणार आहे. मग खाड्याचं. टाळ्या थांबल्या तरी.